घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

शीफ कोहोमॉलॉजी शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्या मी बरीच वर्षं बघतो आहे. पहिली वीस पानं सुबक असतात. इंजेक्टिव्ह रिझोल्यूशनची व्याख्या, डिराइव्हड फंक्टर, मग लाँग एक्झॅक्ट सीक्वेन्सचं प्रमेय आणि त्याभोवती लाल शाईची चौकट. आकडा मात्र एकही नाही. "वर्तुळाचं एच-एक काढून दाखव," म्हटलं की पेन थांबतं. यात हसण्यासारखं काही नाही, कारण माझीही वही अशीच होती. तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला तेव्हा मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली आणि पुढे गप्प बसलो. परीक्षकांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्या ग्लासाची आठवण अजून जात नाही.

म्हणून हा लेख उलट्या टोकाकडून लिहितो आहे. ग्रुप, मॉड्यूल, कर्नल आणि इमेज माहीत असतील, टोपॉलॉजीचा एक पेपर झाला असेल, तर एवढं भांडवल पुरे. व्याख्या नंतर वाचा. आधी ग्राफ पेपर घ्या.

क्ष = ०, १, २ अशा तीन जागा घ्या आणि तिथे किमती ठरवा: १, ३, ५. या तिन्ही बिंदूंतून सरळ रेषा जाते का? जाते. आता शेवटची किंमत ५ ऐवजी ६ करा. जात नाही. कुठल्या किमती चालतील? पहिलीतून मधलीची दुप्पट वजा करा, तिसरी मिळवा, उत्तर शून्य यायला हवं. १ − ६ + ५ = ०, ठीक. १ − ६ + ६ = १, गाडं अडलं. नववीतला मुलगाही हे करील. पण कोहोमॉलॉजीचा सगळा मामला याच्या पोटात आहे.

आकडे ओळीत मांडा: ० → २ → ३ → १ → ०. दोन म्हणजे रेषेचे दोन सहगुणक. तीन म्हणजे आपण मनाला येईल तशा लिहिलेल्या तीन किमती. शेवटचा एक म्हणजे ती अट, आणि हेच एच-एक. प्रत्येक रेषा तीन किमती देते. तीन किमती घेतल्या तर त्या एक आकडा देतात. तो आकडा शून्य असेल तरच किमती रेषेतून आलेल्या असतात. कुठल्याही थांब्यावर बघा: मागून जे आलं, नेमकं तेच पुढच्या बाणाखाली शून्य होतं. काही जास्त नाही, काही कमी नाही. एक्झॅक्ट म्हणतात ते याला. आणि २ − ३ + १ = ० हा ताळा आहे, तो दर वेळी करून बघायचा.

आता हेच मोठ्यांच्या भाषेत. शीफ म्हणजे जागेच्या प्रत्येक खुल्या तुकड्यावर कोणती फंक्शनं चालतात याची नोंदवही. अट दुहेरी आहे. फंक्शन सगळीकडे तुकड्या-तुकड्यानं शून्य असेल तर ते शून्यच. आणि तुकड्यांवरची फंक्शनं जिथे तुकडे एकमेकांवर चढतात तिथे जुळत असतील, तर ती शिवून एक अखंड फंक्शन मिळालं पाहिजे. प्रक्षेपी रेषेवर, म्हणजे नेहमीच्या रेषेला अनंताचा एक बिंदू जोडून मिळणाऱ्या जागेवर, ओ(१) या शीफचे अखंड सेक्शन म्हणजे जास्तीत जास्त एक घाताच्या बहुपदी. तीन बिंदूंवर शून्य होणाऱ्या सेक्शनांचं शीफ ओ(१ − ३), म्हणजे ओ(−२). आपली छोटी साखळी अशी झाली:

० → ओ(−२) → ओ(१) → तीन बिंदूंवरच्या किमती → ०

ही शॉर्ट एक्झॅक्ट सीक्वेन्स. इथे तिसऱ्याकडे जाणारा बाण शीफ म्हणून ऑन्टो आहे, कारण एकेका बिंदूजवळ बघितलं तर कुठलीही किंमत देणारी बहुपदी सापडतेच. पण तिन्ही ठिकाणी एकाच वेळी चालणारी एकच बहुपदी सापडेल याची खात्री नाही. जवळून सगळं जमतं, एकत्र जमत नाही. या दोहोंतली फट मोजायला एच-एक आहे. मराठीत आपण विचारतो ना, सगळं ठीक आहे तर घोडं पेंड कुठे खातंय? लाँग एक्झॅक्ट सीक्वेन्स हे त्या प्रश्नाचं हिशेबी उत्तर आहे: घोडं कुठे अडलं, किती अडलं आणि कोणती अट पाळली तर चालू लागेल.

पेंडीवरून आठवलं, म्हणून जाता जाता. शीफ या इंग्रजी शब्दाचा अर्थ पेंढी, कडब्याची असते तशी. एकेका बिंदूवर जो भाग उरतो त्याला स्टॉक म्हणतात, म्हणजे धाट. मूळ फ्रेंच शब्द फेसो, अर्थ जुडी. तो गणितात आणला ज्याँ लेरे यांनी. १९४० मध्ये ते जर्मनांच्या हाती सापडले आणि पुढची पाच वर्षं ऑस्ट्रियातल्या एडेलबाखजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले. तिथे कैद्यांनी विद्यापीठ चालवलं, लेरे त्याचे कुलगुरू होते. द्रवगतिशास्त्रातलं त्यांचं प्रावीण्य शत्रूला कळलं असतं तर युद्धाच्या कामाला जुंपलं गेलं असतं, म्हणून त्यांनी टोपॉलॉजीत डोकं घातलं. सुटकेनंतर १९४६ मध्ये शीफची कल्पना छापून आली. ज्या विषयाला आज लोक सर्वांत अमूर्त म्हणतात तो असा काटेरी तारांच्या आत, उपयोग होऊ नये म्हणून वाढला.

आता वर्तुळाचं एच-एक. मला न आलेला प्रश्न.

बांगडीवर कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आहेत असं समजा. डावी पट्टी आणि उजवी पट्टी, दोन्ही अर्ध्याहून थोड्या जास्त, म्हणून वर एक आणि खाली एक अशा दोन जागी त्या एकमेकींवर चढतात. शीफ सर्वांत साधं घेऊ: प्रत्येक अखंड तुकड्यावर एक पूर्णांक. डावीवर अ लिहा, उजवीवर ब. चढलेल्या जागी फरक लिहायचा, उजवीचा वजा डावीचा. वरही ब − अ, खालीही ब − अ. फरक शून्य म्हणजे अ आणि ब सारखे, एकच पूर्णांक. म्हणून एच-शून्य म्हणजे पूर्णांकांचा ग्रुप. आता उलटा प्रश्न विचारा. कुणी वरच्या जागी प आणि खालच्या जागी फ असे कुठलेही दोन आकडे लिहून दिले, तर ते पट्ट्यांवरच्या आकड्यांच्या फरकातून आले असतील का? प आणि फ सारखे असतील तरच. जे उरतं ते प − फ, तेही एक पूर्णांक. एच-एक म्हणजे पूर्णांकांचा ग्रुप. चार ओळींत झालं. याला चेक कोहोमॉलॉजी म्हणतात, चेक हे गणितज्ञाचं आडनाव, बँकेच्या चेकशी संबंध नाही. हे गणित डोळे मिटून करता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आणि आत्ता, ताजं असतानाच, लॉगरिदमचं उदाहरण करून टाका. माझ्या मते सगळ्या विषयात याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. संमिश्र संख्यांचं प्रतल घ्या, शून्य काढून टाका. त्यावर कधीच शून्य न होणारी होलोमॉर्फिक फंक्शनं आहेत, उदाहरणार्थ झेड. झेडचा लॉग घ्यायचा आहे. जवळून बघितलं तर तो घेता येतो, कुठेही. पण शून्याभोवती एक प्रदक्षिणा घातली की लॉग दोन पाय आयने वाढून परत येतो. साखळी अशी:

० → पूर्णांक → होलोमॉर्फिक फंक्शनं → कधीच शून्य न होणारी होलोमॉर्फिक फंक्शनं → ०

पहिला बाण पूर्णांकाला दोन पाय आयने गुणतो, दुसरा बाण फंक्शन ई-च्या घातांकात टाकतो. आता झेडला जोडणाऱ्या बाणातून, म्हणजे कनेक्टिंग मॅपमधून, पुढे पाठवू. पद्धत तीन क्रियांची आहे आणि ती सगळीकडे हीच असते: जवळच्या जवळ उचला, वजाबाकी करा, उत्तर कुठल्या घरात पडतं ते बघा.

उचला. प्रतल दोन तुकड्यांनी झाका. पहिला तुकडा, ऋण वास्तव अक्ष काढून उरलेलं. तिथे कोन −१८० ते १८० अंश. दुसरा तुकडा, धन वास्तव अक्ष काढून उरलेलं. तिथे कोन ० ते ३६० अंश. दोन्हीवर झेडचा लॉग निर्धास्त घ्या. वजाबाकी करा. तुकडे एकमेकांवर चढतात ते वरच्या आणि खालच्या अर्ध्या प्रतलात. वर दोन्हींचे कोन सारखेच, फरक ०. खाली पहिला म्हणतो −९० अंश, दुसरा त्याच बिंदूला म्हणतो २७० अंश. फरक एक पूर्ण फेरी, म्हणजे दोन पाय आय. आता उत्तर कुठे पडलं बघा: फरक नेहमी दोन पाय आयच्या पटीत, म्हणजे पहिल्या शीफमधला पूर्णांक. वर ०, खाली १. बांगडीच्या हिशेबात प − फ = −१, शून्य नाही. म्हणून अखंड लॉग नाही. झेडचा वर्ग घेतलात तर वर ०, खाली २. हा आकडा, चिन्हाचा संकेत सोडला तर, फंक्शन शून्याभोवती किती फेऱ्या मारतं तोच. कॉम्प्लेक्स ॲनालिसिसच्या पेपरात तुम्ही तो इंटिग्रल करून काढला होता. दोन विषय एकमेकांना इथे भेटतात, आणि भेटवणारा बाण तुम्ही स्वतःच्या हातानं ओढलेला असतो.

कनेक्टिंग मॅपची भीती वाटणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं: बाणाला नाव देऊ नका, बाणातून एक माणूस पाठवा. कुठलंही एक सेक्शन घ्या, त्याला वरच्या तीन क्रिया करा, काय झालं ते लिहा. स्नेक लेमा हीदेखील हीच गोष्ट आहे. १९८० च्या 'इट्स माय टर्न' या हॉलिवुडपटात नायिका फळ्यावर स्नेक लेमाची सिद्धता करून दाखवते. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ती चित्रफीत वर्गातल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिली आहे. पण पाहून येत नाही. दोन ओळींचा तक्ता काढा, डावीकडून सुरुवात न करता उजवीकडच्या कर्नलमधला एक घटक घ्या, मागे उचला, खाली उतरवा, डावीकडे सरकवा. मागे उचलताना तुम्ही एक निवड करता. ती निवड बदलली तर उत्तर कोकर्नलमध्ये का बदलत नाही, हे दोन ओळींत लिहा. ते दोन ओळींत लिहिता आलं की लेमा तुमचा. मग फाइव्ह लेमा तर सुट्टीचं काम.

आता खरी युक्ती, जी पुस्तकं एकतर सांगत नाहीत किंवा सरावातल्या पाचव्या प्रश्नात दडवतात. लांबलचक साखळी समोर आली की आधी शून्यं शोधा. पदं कशाची आहेत, बाण काय करतात, हे सगळं नंतर. ज्या पदाच्या दोन्ही बाजूंना शून्य आहे ते पद शून्य. ज्या दोन पदांच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंना शून्य आहे ती दोन पदं सारखी. व्यवहारातली नव्वद टक्के कोहोमॉलॉजी या दोन वाक्यांवर चालते, असं मी म्हटलं तर सहकारी भांडतील, पण फार नाही भांडणार.

शून्यं कुठून आणायची? काही पाढ्यांसारखी पाठच हवीत. जागेच्या मितीपेक्षा वरच्या क्रमांकाची कोहोमॉलॉजी शून्य, हे ग्रोथेंडिक यांचं. अफाइन जागेवर कोहिरंट शीफची वरची कोहोमॉलॉजी शून्य, हे सेर यांचं. १९५५ च्या त्यांच्या प्रदीर्घ शोधनिबंधानंच शीफ बीजभूमितीत आणली. प्रक्षेपी प्रतलावर ओ(ड) चं एच-एक नेहमीच शून्य, ड काहीही असो. एच-शून्य ड शून्य किंवा धन असेल तेव्हा (ड + १)(ड + २)/२ मितीचं, ऋण असेल तर शून्य. आणि एच-दोन हे एच-शून्याचं आरशातलं प्रतिबिंब: ओ(−३) साठी १, ओ(−४) साठी ३, ओ(−५) साठी ६, आणि −३ च्या वर सगळं शून्य. हा तक्ता एका कार्डावर लिहून टेबलावर चिकटवा. सिद्धता एकदा करा, चेक पद्धतीनं तीन तुकडे घेऊन. नंतर कार्ड वापरायला लाजू नका.

कार्ड हाती आलं की बघा काय होतं. प्रतलात चार घाताचा वक्र घ्या. त्याच्या समीकरणानं गुणणं हा पहिला बाण:

० → ओ(−४) → ओ → वक्रावरची फंक्शनं → ०

लांब साखळीतला मधला तुकडा: ओ चं एच-एक, मग वक्राचं एच-एक, मग ओ(−४) चं एच-दोन, मग ओ चं एच-दोन. पहिलं शून्य, शेवटचं शून्य, म्हणून मधली दोन सारखी, म्हणून ३. वक्र गुळगुळीत असेल तर हे त्याचं जीनस. तीन भोकांचा मेदुवडा. घात ड असेल तर (ड − १)(ड − २)/२, शंभर वर्षांहून जुनं सूत्र, आपल्याला अर्ध्या मिनिटात मिळालं. साखळीचं पहिलं टोकही सोडू नका. ओ चं एच-शून्य १, ओ(−४) चं एच-एक शून्य, म्हणून वक्रावरचं अखंड फंक्शन फक्त स्थिरांक. वक्र दोन सुट्या तुकड्यांचा असता तर एका तुकड्यावर ० आणि दुसऱ्यावर १ असं फंक्शन असतं. ते नाही. म्हणजे प्रक्षेपी प्रतलात दोन वक्र एकमेकांना चुकवून राहूच शकत नाहीत. समीकरण एकही सोडवलं नाही.

इथवर आलात की चुका सुरू होतील. त्या ठरलेल्या असतात.

एका विद्यार्थिनीनं वर्तुळ एकाच खुल्या संचानं, म्हणजे अख्ख्या वर्तुळानं झाकलं आणि एच-एक शून्य काढलं. हिशेब अचूक, उत्तर चूक. चेक पद्धत खरं उत्तर तेव्हाच देते जेव्हा तुकड्यांना आणि त्यांच्या छेदांना स्वतःची वरची कोहोमॉलॉजी नसते. ही अट लेरे यांच्या नावानं ओळखली जाते. बांगडीच्या पट्ट्या सरळ होतात, म्हणून चाललं. अख्खी बांगडी हाच तुकडा घेतला तर आजार औषधाच्या बाटलीतच शिरला. झाकण निवडण्याआधी प्रत्येक तुकड्याला विचारा, तू स्वतः निरोगी आहेस ना?

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती सापडत नाही. मधलं पद माहीत नाही, आजूबाजूची माहीत आहेत, तर मुलं दोघांची बेरीज करून मोकळी होतात. सदिश अवकाश असतील तर मिती बरोबर येते. ग्रुप असतील तर नाही. डावीकडे पूर्णांक, उजवीकडे दोन घटकांचा ग्रुप; मध्ये काय? दोघांची डायरेक्ट सम असू शकते, किंवा पुन्हा नुसते पूर्णांक असू शकतात, पहिला बाण दोननं गुणणारा. साखळी दोन्हींना सारखीच मान्यता देते. कोण खरं ते ठरवायला बाहेरून माहिती आणावी लागते: एखादा टॉर्शन घटक दाखवा, किंवा तो नसल्याचं दाखवा. "म्हणून स्पष्टच आहे" असं लिहिण्याआधी इथे थांबा. याच्याच नात्यातली चूक म्हणजे दोन पदांची मिती सारखी दिसली म्हणून मधला बाण आयसोमॉर्फिझम मानणं. पदं सारखी असणं वेगळं आणि हाच बाण ती सारखी करतो हे वेगळं. दोन भावांची उंची सारखी म्हणून एकाचा शर्ट दुसऱ्याच्याच कपाटातून आला असं होत नाही.

शीफचा बाण ऑन्टो आहे का हे तपासताना खुल्या संचावर तपासू नका, धाटावर तपासा. लॉगच्या उदाहरणात अख्ख्या जागेवर तपासलं असतं तर साखळी एक्झॅक्ट नाही असं म्हणून तुम्ही सुरुवातीलाच वही मिटली असती. चिन्हांच्या चुका मात्र सगळेच करतात. चेक पद्धतीत कोणातून कोण वजा करायचं ते पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा आणि त्या पानापुरतं तेच पाळा.

मग इंजेक्टिव्ह रिझोल्यूशन कशाला, असं विचाराल. चेक पद्धत चांगल्या झाकणाची मिंधी आहे, आणि झाकण कुठलंही घेतलं तरी उत्तर एकच का, हे ती स्वतः सांगू शकत नाही. १९५७ च्या ग्रोथेंडिक यांच्या लेखानं (तो जपानमधल्या तोहोकू या नियतकालिकात आला, म्हणून त्याला तोहोकूच म्हणतात) दाखवलं की शीफांच्या जगात पुरेशी इंजेक्टिव्ह सापडतात, आणि त्यावरून कोहोमॉलॉजीची एकच, झाकणाशिवायची व्याख्या मिळते. हे वाचायचंच आहे. फक्त दहा हिशेब झाल्यावर वाचा, म्हणजे ती व्याख्या कशाची तक्रार मिटवते ते कळेल. इंजेक्टिव्ह रिझोल्यूशन घेऊन प्रत्यक्ष हिशेब करायला मात्र बसू नका. ते कुणीच करत नाही.

वाचनाबद्दल विचारतात म्हणून सांगतो. हार्ट्शोर्न यांच्या १९७७ च्या पुस्तकातला तिसरा अध्याय सगळे सुचवतात, मीही सुचवतो, पण त्याचा सराव आधी आणि मजकूर नंतर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डाउकर यांनी शीफांवर दिलेली व्याख्यानं १९५७ मध्ये टिपणरूपात निघाली. विषय तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता, म्हणून त्यांत लेखक वाचकाबरोबर चालतो, पुढे पळत नाही. मम्फर्ड यांचं ॲबेलियन व्हरायटींवरचं पुस्तकही त्याच संस्थेतल्या व्याख्यानांतून झालं. लाँग एक्झॅक्ट सीक्वेन्स रोजच्या कामात कशी वापरतात ते बघायचं तर त्यातला एखादा विभाग पेन्सिल घेऊन वाचा. सर्ज लँग यांच्या बीजगणिताच्या पुस्तकात एक प्रसिद्ध गृहपाठ आहे: होमॉलॉजिकल अल्जिब्राचं कुठलंही पुस्तक घ्यायचं आणि सिद्धता न बघता सगळी प्रमेयं सिद्ध करायची. लोक त्यावर हसतात. निम्मा तरी करा.

आणि आपल्याकडचे एक आजोबा या सगळ्याला नाक मुरडायचे. श्रीराम अभ्यंकर, ज्यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. सिंग्युलॅरिटी सोडवण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते, आणि त्यांचा भरवसा शाळेतल्या बीजगणितावर होता: बहुपदी मांडा, चल काढून टाका, हिशेब करा. अमूर्ताच्या फॅशनवर ते जाहीरपणे बोलत. मला विचाराल तर दोन्ही पक्ष बरोबर आहेत. साखळीमुळे कुठला हिशेब करायचा ते कळतं. हिशेब मात्र शेवटी अभ्यंकरांच्याच पद्धतीनं, हातानं करावा लागतो. तीन बिंदू आणि एक रेषा आठवा.

आज रात्रीसाठी एक प्रश्न देऊन ठेवतो. प्रतलात दोन रेषा भेटतातच, हे वर निघालं. आता त्रिमितीय प्रक्षेपी अवकाशात जा आणि एकमेकींना न भेटणाऱ्या दोन रेषा घ्या, एकीवरून उड्डाणपूल जावा आणि दुसरा रस्ता खालून जावा तशा. या जोडीवर शून्य होणाऱ्या फंक्शनांचं शीफ, मग ओ, मग जोडीवरची फंक्शनं, अशी साखळी मांडा. ओ चं एच-शून्य १ आणि एच-एक शून्य, जोडीवरच्या फंक्शनांचं एच-शून्य २. पहिल्या शीफचं एच-एक किती आलं ते लिहा. मग पुलावर ०, खालच्या रस्त्यावर १ असं फंक्शन घ्या, उचला, वजाबाकी करा आणि ते कुठे पडतं बघा.